आधी रूळ, मागाहून पाणी

दौंड-मनमाड लोहमार्गावरून जाणारा प्रवासी प्रवरेच्या किंवा गोदावरीच्या पुलावर गाडी आली की खिडकीशी सरकतो. कोणी हात जोडतो, कोणी खिशातले नाणे काढून पात्रात टाकतो, आया लेकरांना नदीचे नाव सांगतात. याच मार्गावर श्रीरामपूरच्या परिसरात आणखी एक पूल आहे. त्यावरून गाडी दोन-तीन श्वासांत पार होते. खाली वाळू नाही, डोह नाही, घाट नाही. दोन्ही बाजूंनी बांधून काढलेल्या काठांतून शिस्तीने वाहणारे पाणी, नाहीतर आवर्तन बंद असेल तेव्हा कोरडा तळ. हा प्रवरेचा डावा कालवा. लोक त्याला पाटच म्हणतात. पाटात कोणी नाणे टाकीत नाही, आणि पाटावरच्या पुलाचा इतिहास विचारण्याच्या फंदातही सहसा कोणी पडत नाही.

विचारलाच, तर मिळणारे उत्तर ठरलेले असते : "इंग्रजांच्या काळचा पूल आहे, रेल्वे झाली तेव्हाचा." या उत्तराचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. दौंड ते मनमाड हा सुमारे १४५ मैलांचा मार्ग १८७८ साली वाहतुकीस खुला झाला. ज्या भंडारदरा धरणाच्या भरवशावर हा कालवा बारमाही झाला ते धरण पुरे झाले १९२६ साली. या दोन वर्षांमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर आहे. कालवाच नव्हता तेव्हा त्याच्यावरचा पूल कोठून असणार? रूळ आधी आले, पाणी मागाहून आले, आणि चालत्या गाड्यांच्या पायाखालून त्याला वाट काढून द्यावी लागली. ही अठ्ठेचाळीस वर्षे कशी गेली हाच या पुलाचा खरा इतिहास आहे.

रूळ आले ते दुष्काळात. १८७६ च्या पावसाने दख्खनला दगा दिला आणि पुढची दोन वर्षे नगर, पुणे, सोलापूर, सातारा, नाशिक या जिल्ह्यांत माणसे व जनावरे अन्नावाचून तडफडली. एकच वर्ष आधी, १८७५ मध्ये, पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले होते. म्हणजे दुष्काळ येण्यापूर्वीच येथला कुणबी खंगलेला होता. मध्य रेषेवरील मनमाड आणि दक्षिणेकडील दौंड ही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची दोन स्थानके थेट जोडली तर उत्तर व दक्षिण हिंदुस्थानातील मालाला कल्याणचा वळसा पडणार नाही, असा या मार्गाचा मूळ हेतू होता. दुष्काळ पडताच त्याचे मातीकाम दुष्काळी काम ठरले. भरावाच्या माती-मुरमाच्या पाट्या पुरुषांनी, बायकांनी आणि हाताशी येतील त्या पोरांनी वाहिल्या.

त्या पाट्यांची मजुरी काय होती? व्हाइसरॉयचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुराच्या पोटाचा हिशोब घातला तो दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे असा. एक पौंड म्हणजे अर्ध्या शेराहून थोडे कमी. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाने त्यावर जगावे अशी अपेक्षा होती. मुंबई सरकारने १८७७ च्या आरंभी मजुरी या मानाने उतरविली तेव्हा हजारो मजूर कामे सोडून चालते झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. आपल्याकडील संपांच्या इतिहासात गिरण्यांची नावे मोठी आहेत. पण उपाशी पोटाने कुदळ खाली ठेवणाऱ्या या माणसांचा मान त्याआधीचा आहे, असे मला वाटते.

याच सुमारास एक मोठा वाद इंग्लंडात रंगला होता : हिंदुस्थानचा पैसा रेल्वेत घालावा की कालव्यांत? कालव्यांच्या बाजूने उभे होते सर आर्थर कॉटन. त्यांनी १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरम येथे बंधारा घातला होता आणि त्या पाण्याने उजाड मुलूख भातशेतीचा झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पार्लमेंटच्या समितीपुढे १८७८ साली, म्हणजे आपला लोहमार्ग खुला झाला त्याच वर्षी, या वृद्ध अभियंत्याने साक्ष दिली. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, रेल्वे धान्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते, पण धान्य पिकवीत नाही. पाणी ते पिकविते, आणि रुंद कालवे काढले तर त्यांतून नावांनी मालही नेता येतो. नावांच्या बाबतीत त्यांचा उत्साह थोडा अतिरेकी होता. दख्खनच्या चढउतारांवर जलवाहतूक चालली नसती. परंतु मूळ मुद्दा बिनतोड होता. ज्या गोदावरीवर त्यांनी बंधारा घातला, तिलाच आपली प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला जाऊन मिळते. एकाच नदीच्या खालच्या अंगाला पाणी अडवून सुबत्ता आलेली, आणि वरच्या अंगाला माणसे खडी फोडीत मरणारी, असे ते चित्र होते.

वाद कॉटन हरले. रेल्वेला भांडवलदारांचे पाठबळ होते, व्याजाची हमी होती, फौजा हलविण्याची सोय होती आणि विलायती माल खेड्यापर्यंत पोचविण्याची आशा होती. रमेशचंद्र दत्तांनी पुढे हिशोब मांडला तो असा की, शतक संपेपर्यंत रेल्वेवर साडेबावीस कोटी पौंडांच्या घरात, तर पाटबंधाऱ्यांवर अवघे अडीच कोटी पौंड खर्च झाले होते.

प्रवरेवर तोवर काहीच झाले नव्हते असे मात्र नाही. १८७० नंतरच्या दशकात लाख व ओझर येथे बंधारे बांधून लहान पाट काढण्यात आले होते. त्यांच्यामागे साठवणीचे धरण नव्हते. नदीला पाणी असेल तोवर पाटाला पाणी. चैत्र-वैशाखात, पिकाच्या ऐन गरजेच्या वेळी, नदीबरोबर पाटही आटत असे. पाऊस पुरता बुडाला तर अशा पाटांचा आधार किती पोकळ असतो हे नंतरच्या दुष्काळांनी दाखवून दिले.

ते दुष्काळ लागोपाठ आले : पहिला १८९६-९७ चा, दुसरा १८९९-१९०० चा. आता लोहमार्ग होता. धान्याच्या वाघिणी बेलापूर, राहुरी, नगर या स्थानकांवर उतरत होत्या. पहिल्या दुष्काळात गावोगावी धान्यच मिळत नव्हते. आता बाजारात धान्य होते, पण ते घ्यायला मजुराच्या गाठीला पैसा नव्हता. रेल्वेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण वाघिणी आल्या नसत्या तर मृत्यूचा आकडा आणखी फुगला असता. तरी रुळांनी दुष्काळ हटत नाही हे सिद्ध होण्यास दोन दुष्काळ लागले. नगर जिल्ह्यातील आपल्यापैकी अनेकांच्या घराण्याची आठवण याच सुमारास सुरू होते. पणजोबा कोणत्या सडकेवर खडी फोडीत होते, पणजी कोणत्या तळ्याच्या कामावर होती, मिशनच्या अनाथालयात कोण वाढले, हे सांगणारी म्हातारी माणसे एका पिढीपूर्वीपर्यंत गावोगावी होती. रावसाहेबांच्या नोंदवहीत ती माणसे 'हजेरी' एवढीच होती.

सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ साली पाटबंधारे आयोग नेमला गेला. आयोगाने १९०३ साली अहवाल दिला आणि दख्खनसाठी सरकारने नफ्यातोट्याचा विचार बाजूस ठेवून संरक्षक पाटबंधारे बांधावेत असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी आर्थर हिल या अभियंत्याने अकोले तालुक्यात भंडारदऱ्याची जागा धरणासाठी निश्चित केली. योगायोगाची गोष्ट अशी की, १९०३ हेच आपल्या 'निरोप्या' मासिकाचे जन्मवर्ष. राहुरी तालुक्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी ते सुरू केले. पाणी आणि छापील अक्षर या दोन्ही गोष्टींची या दुष्काळी मुलखाला एकाच वर्षी चाहूल लागली म्हणावयाची; अक्षर त्याच वर्षी हाती पडले, पाण्याची मात्र आणखी बरीच वाट पाहावी लागली.

गोदावरीचे काम आधी मार्गी लागले. दारणेवर धरण व नांदूर मधमेश्वरला बंधारा होऊन तिचे कालवे राहाता-कोपरगावकडे आले. भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले. सह्याद्रीच्या कुशीत, प्रचंड पावसात, दोनशे सत्तर फूट उंचीची दगडी भिंत उभी करावयाची होती. मध्येच पहिले महायुद्ध आले. अखेर १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले व त्यांचेच नाव त्याला मिळाले. धरणातून सुटलेले पाणी रंधा धबधब्यावरून नदीनेच खाली येते आणि ओझरच्या बंधाऱ्याशी दोन कालव्यांत वाटले जाते. डावा कालवा सुमारे सत्त्याहत्तर किलोमीटरांचा. तो संगमनेर तालुक्यातून निघून लोणी-कोल्हारच्या अंगाने पूर्वेस श्रीरामपूर व नेवाशाकडे जातो. लोहमार्ग दक्षिणोत्तर आणि कालवा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे कोठे तरी गाठ पडणे अटळच होते.

ही गाठ सोडविणे दिसते तितके सोपे नसते. नदीवर पूल बांधताना अभियंता नदीशी झगडतो : पुराचा जोर किती, पाया खडकापर्यंत गेला की नाही, वाळू खरवडून निघाली तर खांब टिकेल काय. कालव्याला पूर येत नाही. तेथली चिंता निराळीच. कालव्याच्या तळाला उतार असतो मैलामागे जेमतेम एखाद-दोन फुटांचा. त्याची पातळी मनास येईल तशी वर-खाली करता येत नाही. केली तर पुढच्या गावांना पाणी चढत नाही. लोहमार्गाचीही तीच गत, कारण त्याचा चढ वाढविला तर इंजिन धापा टाकू लागते. म्हणजे दोन हट्टी माणसांना एका दारातून नेण्यासारखेच हे काम. पाणी रुळांच्या पुरेसे खाली असेल तर साधा पूल भागतो. पाणी रुळांच्या बरोबरीला आले तर ते जमिनीखालून नळाने बुडवून पलीकडे काढावे लागते. पाणी वरच असेल तर रुळांवरून त्याच्यासाठी जलसेतू बांधावा लागतो. साध्या पुलाचे भागते तेथेही उंची हातचे राखूनच मिळते. म्हणून कालव्यावरचे रेल्वेपूल ठेंगणे, कमी जाडीच्या लोखंडी तुळयांचे किंवा लहान कमानींचे असतात.

त्यात येथे गाड्या चालू होत्या. अशा वेळी रेल्वेपुढे दोनच मार्ग असतात. पहिला, बाजूने तात्पुरता वळणमार्ग टाकून गाड्या तिकडून न्यायच्या आणि मूळ भराव फोडून सावकाश पूल बांधायचा. दुसरा अधिक जिकिरीचा. अनेक रूळ एकत्र जखडून त्यांच्या जुड्या मार्गाखाली घालावयाच्या, गाडीचा भार त्यांच्यावर पेलून धरावयाचा, आणि खाली भराव पोखरीत बाजूच्या भिंती उठवावयाच्या. गाडी आली की निशाणवाला सावधगिरीची खूण करतो, इंजिन माणसाच्या चालीने पुढे सरकते, खालचे गवंडी व बिगारी भिंतीला पाठ लावून उभे राहतात, आणि डबे गेले की पुन्हा घमेली हलू लागतात. भिंती पुऱ्या झाल्यावर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तुळया सरकवून बसवितात. त्या काळचा चुना बैलांच्या घाणीत तासन्‌तास मळून निघे आणि काळा बेसाल्ट छिन्नीने घडवून सांध्याला सांधा बसवीत. हे काम करणारे पाथरवट व वडार गावोगाव फिरत असत. आपले गाव म्हणावे अशी जागा त्यांना नसे. ज्या कामावर असतील तेच गाव.

म्हणून जुना पूल पाहताना केवळ वर धडधडणारी गाडी पाहू नये, थोडे खाली वाकून भराव पाहावा. त्याची माती १८७७ च्या उपाशी माणसांनी टाकलेली आहे. भिंतीचा दगड पुढच्या पिढीच्या हाताचा आहे. तुळया व भार यांचा हिशोब तर वेळोवेळी बदलत गेला. १९२६ साली, म्हणजे धरणाच्याच वर्षी, रेल्वेने मुख्य मार्गांवरील पुलांसाठी भाराचे नवे प्रमाण ठरविले. पुढे इंजिने जड झाली, १९७५ व १९८७ साली ही प्रमाणे पुन्हा वाढली. जुन्या पुलांच्या तुळया बदलणे, भिंतींवर काँक्रीटची कुशी चढविणे ही कामे तेव्हापासून अखंड चालत आली. पूल एकदा बांधला की झाला, असे कधीच नसते.

पाणी आले आणि पुलाच्या दोन्ही बाजूंचा मुलूख ओळखू येईनासा झाला. जेथे बाजरी व कुळीथ होते तेथे ऊस उभा राहिला. बेलापूर कंपनी १९१९ साली स्थापन झाली व १९२४ पासून हरेगावला तिचा साखर कारखाना चालू झाला. पाठोपाठ १९३३-३४ च्या सुमारास डहाणूकरांनी टिळकनगर वसविले. ज्या आडस्थानकाला बेलापूर रोड म्हणत, तेथे श्रीरामपूर शहर उभे राहिले. बेलापूर हे मूळ गाव प्रवरेकाठी दूरच राहिले, पण स्थानकाच्या पाटीवर नाव अजून त्याचेच आहे. कालव्याच्या एका फाट्याला आजही लोक 'नॉर्दर्न ब्रँच' म्हणतात, आणि तो शब्द आता इतका मराठी झाला आहे की कोणी त्याचा अर्थ विचारीत नाही.

पण पाणी कोणाच्या शेतात गेले? कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. खंडाची रक्कम जिरायतीची, पीक बागायतीचे. हे जमीनमालक 'खंडकरी' या नावाने ओळखले जाऊ लागले. कमाल जमीनधारणेचा कायदा आल्यावर या जमिनी मालकांकडे न परतता १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांचा लढा दोन-तीन पिढ्या चालला आणि २०१२ नंतर कोठे जमिनी परत मिळू लागल्या. ज्यांच्या नावावर मुळातच जमीन नव्हती त्यांना परत मिळावयाचे काय? आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे हरेगाव, टिळकनगरच्या मळ्यांवर राबली. बारे धरणे, खुरपणी, तोडणी हे त्यांचे आयुष्य होते. दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला बेलापूर स्थानकात उतरून जाणाऱ्या भाविकांपैकी अनेकांचे आजोळ या मळ्यांच्या चाळींत आहे. पाटाच्या काठी जन्मून पाटाच्या पाण्यावर हक्काचा एक वाफाही न भिजविता गेलेली ही माणसे. १९५० मध्ये लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यामुळे पाण्याची मालकी कंपनीकडून शेतकऱ्याकडे आली, हे फार मोठे काम झाले. भूमिहीनाच्या दारापर्यंत मात्र ते पाणी पोचले नाही.

पाण्याने दुसरेही एक बिल मागाहून पाठविले. भारी काळ्या जमिनीला वारेमाप पाणी दिल्याने ती चिबडली, खारवट झाली. सर क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवर यासाठी वर्षानुवर्षे प्रयोग केले. आधीच्या काळात विश्वेश्वरय्यांनी पाळीपाळीने पिके व पाणी देण्याची ब्लॉक पद्धत सुचविली होती ती याच भीतीने. पण उसाचा पैसा दिसू लागला की जमिनीचे कोण ऐकतो!

रूळ आधी व पाणी मागाहून, ही जिल्ह्याची रीत पुढेही चालली. मुळा धरणाचा उजवा कालवा नेवासे-शेवगावकडे जाताना याच लोहमार्गाखालून गेला. कुकडीचा २४९ किलोमीटरांचा डावा कालवा श्रीगोंद्याहून कर्जतकडे जाताना याच मार्गाला भेटला. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीच्या वाघिणी पुन्हा याच रुळांवरून आल्या आणि लोक पुन्हा खडी फोडावयास बसले. फरक इतकाच की यावेळी हाती सुकडी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. अलीकडच्या वर्षांत मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि दुहेरीकरणाच्या कामात जुन्या पुलांना शेजारी मिळू लागले. नव्या मार्गाचा पूल बांधताना रुळांच्या जुड्या घालाव्या लागत नाहीत, कारण यावेळी पाणी आधीपासूनच तेथे आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले.

आणि पाण्याचे भांडण संपलेले नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आल्यापासून, अवर्षणाच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. मराठवाड्याची तहान खरी आहे आणि येथल्या बागायतदाराचा संतापही खरा आहे. असे पाणी सुटते तेव्हा ते नदीने जाते. त्या दिवसांत बेलापूर स्थानकातून दक्षिणेस निघालेल्या गाडीतून पाहावे : प्रवरेच्या पुलाखाली नदी भर उन्हाळ्यातल्यासारखी नव्हे तर श्रावणातल्यासारखी दुथडी वाहत असते, खिडकीतून नाणी पडत असतात, आणि थोड्या अंतरावर मागे राहिलेल्या पाटाच्या पुलाखाली, आपले आवर्तन कधी येणार याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या सायकली कोरड्या तळाशेजारी उभ्या असतात.